गडद निळ्या गाडीला वॅक्स लावू की सीलंट, आणि लावायची नेमकी पद्धत काय?

उघड्यावरची_गाडी:

नमस्कार मंडळी. गाडी दोन वर्षांची आहे, रंग गडद निळा मेटॅलिक. मागचा बंपर तीन आठवड्यांपूर्वी नव्याने रंगवला आहे, बाकी सगळा रंग कारखान्यातलाच. दिवसभर गाडी उन्हात असते आणि रात्री झाडाखाली, त्यामुळे धूळ, चीक आणि पक्ष्यांची विष्ठा रोजचीच.

हाताशी तीन गोष्टी आहेत: डबीतलं कार्नोबा पेस्ट वॅक्स, बाटलीतलं पातळ सिंथेटिक सीलंट, आणि 'सिरॅमिक' असं लिहिलेलं फवारायचं सीलंट. पॉलिशिंगचं मशीन नाही, सगळं हातानेच करायचं आहे.

या वापरात तिन्हींपैकी कशावर भर द्यावा? दोन एकावर एक लावता येतात का, आणि आधी कोणतं? लावण्याआधी रंगाची तयारी कुठवर करायची? पेस्ट वॅक्स पुसल्यावर बॉनेटवर ढगांसारखे पांढुरके पट्टे राहतात, कितीही घासलं तरी जात नाहीत, ते कशामुळे? आणि नव्या रंगाच्या बंपरला हात कधी लावायचा?

क्लिअरकोट:

आधी रंगाचं बोलू, म्हणजे निवड आपोआप सोपी होईल. पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, मग निळा बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं, त्यात क्लिअरकोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. वॅक्स किंवा सीलंट पुसून झाल्यावर जो थर उरतो तो एक मायक्रॉनसुद्धा नसतो. तेव्हा खडी उडून पडणारे टवके, किल्लीचे चरे, धुताना पडणारे जाळीसारखे ओरखडे यांतलं काहीही तो अडवत नाही. त्याचं काम एवढंच की घाण थेट क्लिअरकोटला चिकटू नये, पाणी चटकन ओघळावं, आणि जे झिजायचं ते या थराचं झिजावं.

आता तिन्ही गोष्टी एकेक करून.

कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं आणि नैसर्गिक मेणांत सगळ्यांत कठीण गणलं जातं. पण नुसतं कार्नोबा इतकं टणक आणि ठिसूळ असतं की फडक्यावर येणारच नाही. म्हणून डबीत त्याच्या जोडीला द्रावक, तेलं आणि मऊ मेणं मिसळलेली असतात. डबीवर 'शुद्ध कार्नोबा' लिहिलेलं असलं तर ते त्यातल्या मेणाविषयी असतं, डबीतल्या सगळ्या मालाविषयी नाही. या मिश्रणाचा तजेला गडद रंगावर खरोखर देखणा दिसतो, निळ्याला खोली येते. पण भर उन्हात गडद रंगाचं छत ७० अंशांच्या घरात जातं आणि मिश्रण त्याच्या आधीच मऊ पडायला लागतं. तुमच्यासारख्या वापरात चार ते आठ आठवडे धरा, त्याहून जास्त नको.

सिंथेटिक सीलंटमध्ये बहुतेक वेळा अमिनो गट जोडलेली सिलिकोन पॉलिमरं असतात. हा अमिनो गट रंगाच्या पृष्ठभागाला धरून बसतो आणि द्रावक उडून गेल्यावर पॉलिमर तिथेच घट्ट होतो. उन्हापुढे आणि शाम्पूपुढे तो वॅक्सपेक्षा बराच जास्त टिकाव धरतो. नीट तयारी करून लावलं तर चार ते सहा महिने टिकतं. चकाकी वॅक्सपेक्षा थोडी 'काचेसारखी' असते, पण हा फरक दोन दारं शेजारी-शेजारी ठेवून बघितलीत तरच कळेल.

फवाऱ्यातल्या सीलंटमध्ये सिलिका-रेझिनचं प्रमाण थोडंच असतं. बाटलीवर 'सिरॅमिक' लिहिलं म्हणून ते छोट्या काचेच्या बाटलीत येणारं, दोन-तीन वर्षं टिकणारं कोटिंग होत नाही. उत्तम लावलं तर दोन-तीन महिने. मात्र पाणी झटकण्यात ते अव्वल आणि लावायला सगळ्यांत सोपं. आणि हो, कुठल्याही बाटलीवर '९एच' दिसलं तर ती पेन्सिलच्या शिशाने ओरखडून बघायच्या चाचणीची मोजपट्टी आहे हे लक्षात ठेवा. त्याचा अर्थ दगडाला दाद देणार नाही असा होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: पाया बाटलीतल्या सीलंटचा, वर्षातून दोनदा. दर तीन-चार धुण्यांनी वरून फवाऱ्याचा हात. पेस्ट वॅक्स हौसेसाठी, सीलंट लावून पूर्ण २४ तास झाल्यावर वरून. क्रम उलटा करू नका. वॅक्समधली तेलं आधी बसली की सीलंटला धरायला उघडा रंगच मिळत नाही आणि सहा महिन्यांचं काम सहा आठवड्यांत निघून जातं.

विष्ठेबद्दल मुद्दाम वेगळं लिहितो, कारण झाडाखालच्या गाडीचं खरं नुकसान तिथेच होतं. त्यात आम्ल असतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण उन्हात क्लिअरकोट मऊ होऊन किंचित पसरतो, रात्री थंड होताना आकसतो, आणि वर वाळून टणक झालेल्या थराच्या खडबडीत बुडाचा आकार धरून बसतो. म्हणून डाग पुसल्यावरही तिथे मंद, सुरकुतलेला गोल दिसतो. सीलंटमुळे वेळ मिळतो, पण तो तासांत मोजायचा, दिवसांत नव्हे. वाळलेली विष्ठा खरवडू नका. ओला मायक्रोफायबर त्यावर पाच ते दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या आणि पाण्याने धुवा.

दोन_बादल्या:

निवडीबद्दल वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी तयारीचं लिहितो, कारण सीलंट टिकणं-न टिकणं तिथेच ठरतं.

धुणं. दोन बादल्या, प्रत्येकी दहा-बारा लिटर: एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची, दोन्हींच्या तळाशी जाळी. हातमोज्यासारखा मायक्रोफायबर घ्या, स्पंज नको. स्पंजाच्या सपाट तोंडावर कण अडकून तिथेच रंगावर फिरत राहतो, मोज्याच्या झुपक्यांत तो आत तरी जातो. आधी नुसत्या पाण्याने सगळी गाडी भरपूर भिजवा, मग वरून खाली: छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि चाकांच्या उंचीचा भाग सगळ्यांत शेवटी. प्रत्येक भागानंतर मोजा साध्या पाण्यात पिळा, मग पुन्हा शाम्पूत. 'वॉश अँड वॅक्स' लिहिलेला शाम्पू या दिवशी वापरू नका, त्यातलं मेण मागे राहतं.

मग बघायची वेळ. ओल्या रंगावर हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोटांची टोकं हलकी फिरवा. नुसत्या बोटाला जो रंग गुळगुळीत लागतो तो पिशवीतून बारीक रवाळ लागतो. ते बहुतेक ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण आणि डांबराचे बारीक ठिपके असतात. धुण्याने ते जात नाहीत कारण ते क्लिअरकोटमध्ये रुतलेले असतात.

लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर. यात थायोग्लायकोलेट असतं; ते लोखंडाशी मिळालं की जांभळट-लाल ओघळ दिसतात. सावलीत, थंड पत्र्यावर फवारा, तीन ते पाच मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, मग भरपूर पाण्याने धुवा. वास उग्र असतो, हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत करा. डांबरासाठी वेगळं टार रिमूव्हर, फक्त ठिपक्यांवर, फडक्यावर घेऊन.

एवढं करूनही पिशवीतून रवाळ लागलं तर क्ले, म्हणजे रुतलेले कण रंगातून ओढून घेणारा, मळता येणारा मातीसारखा गोळा. ५० ग्रॅमच्या तुकड्याचा तिसरा हिस्सा तोडा, हातात मळून चपटी चकती करा. दोन हातांत मावेल एवढ्याच चौकोनावर काम करा, साधारण ५० बाय ५० सेंटिमीटर. वंगणाचं पाणी सढळ हाताने फवारा, चकती सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा, गोल नको. दाब बोटांच्या वजनाएवढाच. सुरुवातीला खरखर ऐकू येते, हाताला ओढ लागते. दहा-बारा फेऱ्यांत आवाज थांबतो आणि चकती घसरायला लागते, तो भाग झाला. चकती उलटी करून बघा, करड्या रेघा दिसतील. घडी घालून स्वच्छ बाजू वर काढा. खाली पडलेली क्ले उचलून पुन्हा वापरायची नाही, कितीही महाग असली तरी. त्यात गेलेला एक वाळूचा कण अख्ख्या बॉनेटवर चरा काढतो.

क्ले गडद रंगावर हलकी धूसरता सोडते, हे आधीच लक्षात घ्या. मशीन नसेल तर बारीक पॉलिश हाताने, फोमच्या पॅडवर, एका वेळी दोन फूट लांबी-रुंदीच्या भागावर, तीन-चार मिनिटं. हाताने खोल चरे जाणार नाहीत, पण क्लेची धूसरता जाते. रंग रवाळ नसेल तर क्लेच करू नका. दर वेळी क्ले करणं हा नियम नाही, पिशवी सांगेल तेव्हाच.

शेवटी पुसणं. पॉलिशमधली तेलं राहिली तर सीलंट त्या तेलावर बसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास पुरे. ९९ टक्के अल्कोहोल असेल तर ७५ मिलि घेऊन डिस्टिल्ड पाण्याने अर्धा लिटर करा. ७० टक्क्यांचं असेल तर १०० मिलि अल्कोहोल आणि ४०० मिलि पाणी. त्याहून तीव्र केलंत तर क्लिअरकोट तात्पुरता फुगतो आणि ओरखडे झाकले जाऊन खोटं चित्र दिसतं. एक फडका ओला, मागून दुसरा कोरडा.

जुना_पॉलिशवाला:

एवढा खटाटोप न करता भांडी घासायच्या द्रव साबणाने धुतलं तरी जुनं वॅक्स निघतं की. अल्कोहोल वगैरे वेगळं कशाला?

क्लिअरकोट:

मऊ, झिजत आलेलं वॅक्स त्याने बरंचसं निघतं, हे खरं. पण बसलेलं सीलंट त्याने निघत नाही. धुतल्यावर पाण्याचे थेंब बनायचे थांबतात म्हणून ते निघालं असं वाटतं. प्रत्यक्षात साबणाचा पातळ थर वर राहिलेला असतो, दोन पावसांत तो गेला की थेंब परत दिसतात. म्हणजे तुम्ही उघड्या रंगावर लावतोय असं समजून जुन्या थरावर लावता. शिवाय ताटावरचं तूप सोडवायला बनवलेला तो साबण रबराच्या पट्ट्या आणि काळं प्लॅस्टिक कोरडं करतो. बारीक पॉलिश किंवा क्लेनंतर अल्कोहोल, हाच खात्रीचा मार्ग.

पातळ_थर:

तुमच्या पांढुरक्या पट्ट्यांचं मूळ नव्वद टक्के वेळा एकच: माल जास्त. म्हणून लावण्याचं जरा सविस्तर लिहितो.

वेळ सकाळची, पत्रा रात्रभर थंड झालेला. हाताची मागची बाजू बॉनेटवर ठेवा, ऊब जाणवली तरी चालेल, चटका जाणवला तर थांबा. १५ ते २५ अंशांच्या दरम्यान सीलंट सगळ्यांत शहाण्यासारखं वागतं. सूर्य वर आला की सावलीत सरका. आरशांखालचं, दारांच्या हँडलमधलं आणि टेललाइटच्या फटीतलं पाणी आधी काढा. दारं उघडून कडा पुसा. अर्धवट पसरलेल्या सीलंटवर तिथून एक ओघळ आला की तो पट्टा पुन्हा करावा लागतो.

काळ्या खरबरीत प्लॅस्टिकच्या कडांना आणि रबराला रंगकामाची चिकटपट्टी लावा. दहा मिनिटं जातात, पण नंतरची एक तासाची कटकट वाचते. पुढच्या काचेला वॅक्स नको, वायपर थरथरायला लागतो.

फोमचं ॲप्लिकेटर घ्या. पहिल्यांदा कोरडं असतं, त्यामुळे त्यावर वाटाण्याएवढे तीन थेंब टाका आणि बोटाने फोममध्ये मुरवा. त्यानंतर प्रत्येक अर्ध्या बॉनेटएवढ्या भागाला एक किंवा दोन थेंब. मध्यम आकाराच्या अख्ख्या गाडीला २० ते ३० मिलि पुरतं. बाटलीतून निम्मं संपलं असेल तर तुम्ही रंगावर नाही, फडक्यांवर पैसे घालवताय.

आधी आडव्या रेघा, मग त्यावर उभ्या. पत्र्यावर जे दिसायला हवं ते असं: उजेड तिरपा पडला की हलकी धुकट छटा, पाण्याची वाफ आरशावर धरते तशी. पांढरा मलम दिसला तर जास्त झालं. जोराने दाबायची गरज नाही, सीलंट दाबाने 'आत' जात नसतं.

मग थांबायचं. किती, हे घड्याळाने ठरत नाही. कोपऱ्यात बोट एकदा ओढून बघा. बोटाखालचा पट्टा स्वच्छ, चकचकीत निघाला तर पुसायला तयार. ओशट ओघळ पसरला तर अजून पाच मिनिटं. कोरड्या हवेत दहा-पंधरा मिनिटांत होतं, दमट हवेत अर्धा तासही लागतो. पातळ सीलंट अख्ख्या गाडीला लावून मग पहिल्या भागापासून पुसायला सुरुवात केली तरी चालतं. पेस्ट वॅक्स मात्र एका वेळी एकच भाग: लावा, पाच ते दहा मिनिटं, पुसा, मग पुढचा. उन्हात वाळून बसलं की ते सिमेंटसारखं धरतं, आणि तुमचे पट्टे तिथूनच येतात.

पुसायला दोन फडके. मायक्रोफायबर ३५० ते ४०० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या वजनाचा, कडेची शिलाई आणि लेबल नसलेला. तो चार घड्यांत दुमडा म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. पहिल्या फडक्याने बहुतेक माल उचला, दुसऱ्याने हलकेच झळाळी आणा. फडका ओढ घ्यायला लागला, किंवा एकच धुरकट रेघ इकडून तिकडे सरकत राहिली, तर तो मालाने भरलाय, बाजू बदला. घासत राहिलात तर तोच माल पुन्हा रंगावर पसरतो आणि वाटतं की निघतच नाही.

राहिलेले पट्टे काढायला जोर नको. त्याच मालाचा नवा, अगदी पातळ हात त्यावर फिरवा आणि लगेच पुसा. नव्यातला द्रावक जुन्याला मऊ करतो. तुमच्याकडे फवाऱ्याचं सीलंट आहे, त्याचे दोन फवारे फडक्यावर घेऊन पुसलं तरी चालेल. सीलंट लावल्याच्या दुसऱ्या दिवशी काही ठिकाणी इंद्रधनुषी, तेलकट छटा वर येते. ती जादा मालाची असते, कोरड्या स्वच्छ फडक्याने एकदा पुसा, संपलं.

त्यानंतर १२ तास पाणी नको, २४ मिळाले तर उत्तम. रात्रीचं दवही त्यात आलं. म्हणून तुमच्या बाबतीत काम सकाळी आटपलेलं बरं, आणि ती एक रात्र गाडी झाडाखालून हलवून छताखाली उभी करता आली तर फार चांगलं.

दुसरा हात द्यायचा असेल तर २४ तासांनी. त्याचा हेतू जाडी वाढवणं हा नसतो, पहिल्या हातात सुटलेल्या जागा भरणं हा असतो. हाताने लावताना कडा, नंबरप्लेटच्या भोवतालचा भाग आणि दारांच्या खालच्या पट्ट्या हमखास सुटतात. तिसऱ्या हाताने काही मिळत नाही, त्यातला द्रावक खालचंच थोडं सोडवतो आणि पुसताना ते फडक्यावर येतं.

उघड्यावरची_गाडी:

पिशवीची चाचणी करून बघितली. बॉनेट आणि छत जवळपास गुळगुळीत आहे, पण मागचं दार आणि चाकांमागचा भाग चांगलाच रवाळ लागतो. मग क्ले फक्त तिथेच केली तर चालेल ना? अजून तीन गोष्टी: आरशाच्या काळ्या प्लॅस्टिकवर आधीच पांढरे डाग बसलेत, ते कसे काढू? पुन्हा लावायची वेळ झाली हे थेंब बघून ठरवायचं का? आणि बंपरचं राहिलंच.

दोन_बादल्या:

हो, क्ले तेवढ्याच भागावर करा. क्ले करून आलेली धूसरता तिथेच हाताने पॉलिश करून काढा. बॉनेट-छताला नुसतं धुणं, आयर्न रिमूव्हर आणि अल्कोहोल पुरेसं आहे. मागच्या दारावर जास्त रवाळपणा असणं साहजिक आहे, चालत्या गाडीमागे हवेचा भोवरा धूळ आणि लोखंडाचे कण तिथे ओढून आणतो.

बंपरचं: तो क्ले, पॉलिश, वॅक्स, सीलंट यांतून सध्या पूर्ण वगळा, आणि काम करताना त्याची कड चिकटपट्टीने झाका. दुरुस्तीच्या रंगातला द्रावक आठवडेच्या आठवडे बाहेर पडत असतो. वर सीलंटचं झाकण बसलं तर तो अडकतो, रंग मऊ राहतो किंवा चकाकी मंदावते. भट्टीत तापवून वाळवलेला असेल तर साधारण ३० दिवस, हवेवर वाळवलेला असेल तर ६० ते ९०. नेमकं ज्याने रंगवलं त्याला विचारा, कारण हार्डनर (रंग घट्ट करणारं रसायन) कोणता वापरला ते त्यालाच माहीत. कारखान्यातला रंग साधारण १४० अंशांना भाजलेला असतो, म्हणून नव्या गाडीला ही अट नसते. तोवर बंपर साध्या शाम्पूने धुवा आणि त्यावरची विष्ठा दिसल्याबरोबर काढा. ताज्या रंगावर ती जुन्यापेक्षा लवकर खोल जाते.

आणि पुढे कधी कुठला भाग रंगवायला गेलात तर सीलंट लावलेलं आहे हे रंगाऱ्याला आधी सांगा. सिलिकोन नीट न काढता वर रंग मारला की माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. खडीने पडलेल्या टवक्यांत टचअपचा रंग भरायचा असेल तर तोही सीलंटच्या आधी, नंतर तो धरत नाही.

पातळ_थर:

काळ्या प्लॅस्टिकवरचे डाग म्हणजे वॅक्समधले घन कण खरबरीत खाचांत अडकून वाळलेले. सर्वोपयोगी क्लीनर एकास दहा पाण्यात, मऊ दातांचा टूथब्रश, गोल-गोल घासून लगेच ओल्या फडक्याने टिपा. दोन-तीन वेळा करावं लागेल. अगदी हट्टी ठिपक्यावर मऊ पांढरं खोडरबर चालवा, मेण रबराच्या चुऱ्याबरोबर निघून येतं. थिनर आणि पेट्रोल वापरू नका, डागाऐवजी कायमचा फिकट चट्टा पडेल.

क्लिअरकोट:

थेंबांवरून ठरवा, पण धुतलेल्या रंगावर. धुळीच्या थराखाली सीलंट शाबूत असलं तरी थेंब बनत नाहीत, कारण पाणी धुळीला चिकटतं. नीट धुऊन, शाम्पू पूर्ण काढून, मग छतावर पाणी टाका आणि दाराशी ताडून बघा. आडवे भाग ऊन झेलतात, म्हणून छत आणि बॉनेट नेहमी आधी जातात. दारावर घट्ट गोल थेंब आणि छतावर पाणी पसरट, कडा वेड्यावाकड्या, असं दिसलं की फक्त छत-बॉनेट-डिकीला एक हात द्या. चौथ्या महिन्याच्या आसपास हे दिसेल. सगळी गाडी पुन्हा करायची गरज नाही.

थेंबांचा एक तोटा मात्र तुमच्यासारख्या उन्हातल्या गाडीला सोसावा लागतो. जड पाण्याचे थेंब तापलेल्या गडद रंगावर वाळले की कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या पांढऱ्या गोल कडा उरतात. म्हणून धुतल्यावर गाडी हवेवर वाळू देऊ नका, मोठ्या झुबकेदार मायक्रोफायबरने टिपून घ्या. कडा पडल्याच तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात, फडका भिजवून थंड पत्र्यावर मिनिट-दोन मिनिटं ठेवा, धुवा, आणि तिथे सीलंट पुन्हा लावा कारण आम्लाने ते कमकुवत होतं. यानेही कडा गेली नाही तर ती क्लिअरकोटमध्ये उतरली आहे, मग पॉलिशशिवाय उपाय नाही.

झाडाचा चीकही असाच भिजवून, न घासता काढायचा. अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस तीस सेकंद ठिपक्यावर धरा, विरघळला की उचला. कापूस फिरवू नका, चिकात अडकलेली धूळ चरे काढते. त्या रुपयाएवढ्या जागेवरचं सीलंटही जातं, म्हणून फवाऱ्याचं सीलंट आणि एक स्वच्छ फडका डिकीत ठेवा आणि चीक काढला की तिथेच एक फवारा मारून पुसा.

जुना_पॉलिशवाला:

साबणाचा मुद्दा पटला. फवाऱ्याबद्दल एक भर घालतो. ओल्या गाडीवर मारून लगेच जोरदार पाण्याने उडवायचे जे प्रकार येतात, ते तसेच वापरायला हवेत. कोरड्या पत्र्यावर मारले तर जिथे थेंब पडला तिथेच ठिपका धरतो. बाटली नीट वाचा. आणि कोरड्या पत्र्यावर पुसायचा कुठलाही फवारा असो, रंगावर थेट न मारता फडक्यावर मारला तर ब्रेकच्या चकतीवर, काचेवर उडत नाही.

पातळ_थर:

बरोबर, ब्रेकचं विसरलोच होतो. फडक्यांचंही सांगतो. सीलंटचे फडके इतर कपड्यांत टाकू नका, सुती धागे अडकतात आणि पुढच्या वेळी रंगावर तेच दिसतात. सौम्य द्रव साबण, ४० अंशांपर्यंतचं पाणी, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, कारण त्याने तंतूंवर थर बसतो आणि फडका माल उचलण्याऐवजी पसरवायला लागतो. वॅक्सचा फडका वापरल्यावर लगेच कोमट पाण्यात बुडवून ठेवा. वाळून कडक झाला तर तो खिडकीच्या चौकटीला आणि चाकांना द्या, रंगाला नको.